डोलचे कारभारी आणि स्कॉटलंडचे स्ट्यूअर्ट: वादग्रस्त ब्रेतॉन वंशावळ कशी तपासावी

१३७१ साली रॉबर्ट दुसरा स्कॉटलंडच्या गादीवर बसला आणि स्ट्यूअर्ट हे राजघराणे झाले. त्याआधी दोनशेहून अधिक वर्षे हे घराणे स्कॉटलंडच्या राजाचे कारभारीपद (इंग्रजीत ‘स्ट्यूअर्ड’) वंशपरंपरेने सांभाळत होते आणि त्या पदाचेच नाव पुढे त्यांचे आडनाव बनले. घराणे मूळचे कुठले, हा वाद मात्र शतकानुशतके चालला. एका पक्षाने त्यांना अकराव्या शतकातील स्कॉटिश राजा मॅकबेथ याच्या काळातील बँको या स्कॉटिश सरदाराचे वंशज ठरवले. दुसऱ्या पक्षाने फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांताच्या ईशान्य भागातील डोल या गावी, तेथील आर्चबिशपाच्या पदरी असलेल्या कारभाऱ्यांकडे बोट दाखवले. आज अभ्यासक दुसरा पक्ष ग्राह्य धरतात. तो कसा सिद्ध झाला आणि त्यातील कोणता भाग अजूनही अनुमानावर उभा आहे, हे पाहिले की मध्ययुगीन ब्रेतॉन, म्हणजे ब्रिटनीतले, मूळ सांगणाऱ्या कोणत्याही घराण्याचा दावा तपासण्याची रीत हाती लागते. ती रीत या लेखात टप्प्याटप्प्याने मांडली आहे. तिचे मुख्य सूत्र असे की, घराण्याने स्वतःविषयी लिहवून घेतलेली वंशावळ बाजूला ठेवावी आणि त्या घराण्याने मठांना दिलेल्या दानांचा माग काढावा.

दावा कडी-कडीने सोडवणे

‘स्ट्यूअर्ट ब्रेतॉन होते का?’ हा प्रश्न तपासता येत नाही, कारण तो एकाच वेळी पाच-सहा पिढ्यांविषयी बोलतो. म्हणून कागदावर सर्वांत अलीकडची, निर्विवाद व्यक्ती वर लिहावी आणि तिच्याखाली एकेक पिढी मागे जात प्रत्येक नात्याला स्वतंत्र प्रश्न करावा. स्ट्यूअर्टांच्या बाबतीत हे प्रश्न असे होतात: स्कॉटलंडचा पहिला वंशपरंपरागत कारभारी वॉल्टर याचा बाप कोण? तो बाप, म्हणजे अ‍ॅलन, इंग्लंडात कुठून आला? अ‍ॅलनचा बाप फ्लाड कोण आणि डोलच्या कागदांतला फ्लेडाल्ड हाच तो फ्लाड का? फ्लाडच्या बापाचे नाव काय आणि त्याचे पद कोणते? प्रत्येक प्रश्नासमोर तीन रकाने ठेवावेत. पहिल्यात पुरावा, दुसऱ्यात त्या पुराव्याचे वय, तिसऱ्यात तो मूळ कागद आहे की नक्कल याची नोंद करावी. मधली एक कडी तुटली तर तिच्यामागची सारी साखळी, तिथे कितीही थोर नावे असली तरी, गळून पडते. बहुतेक प्रतिष्ठित वंशावळी नेमक्या अशा एका मधल्या कडीवर लटकलेल्या असतात.

कथेचीच वंशावळ काढणे

माणसांची वंशावळ काढण्याआधी दाव्याची वंशावळ काढावी, म्हणजे तो प्रथम कोणी, कोणत्या साली आणि कोणाच्या आश्रयाने लिहिला हे शोधावे. बँकोची कथा हेक्टर बोइस याच्या १५२७ च्या लॅटिन इतिहासात येते. बोइस हा अ‍ॅबर्डीनच्या किंग्ज कॉलेजचा पहिला प्रमुख होता आणि तो लिहीत असताना गादीवर स्ट्यूअर्टच होते. त्याच्या कथेत मॅकबेथ बँकोला मारवतो, बँकोचा मुलगा फ्लिअन्स वेल्समध्ये पळून जातो, तेथील राजकन्येपासून त्याला वॉल्टर नावाचा मुलगा होतो आणि तो वॉल्टर स्कॉटलंडला परतून माल्कम तिसऱ्याचा कारभारी बनतो. हीच कथा हॉलिनशेडच्या बखरीतून शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकात गेली. ते नाटक लिहिले गेले तेव्हा, म्हणजे १६०६ च्या सुमारास, इंग्लंडच्या गादीवरही जेम्स स्ट्यूअर्टच होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या कथेची पहिली परीक्षा केवळ सनावळ्यांनी होते आणि त्यासाठी कोणत्याही दप्तरात जावे लागत नाही. माल्कम तिसऱ्याची कारकीर्द १०५८ ते १०९३ अशी होती. ज्याची दानपत्रे हाताशी आहेत तो वॉल्टर ११७७ साली मरण पावला. माल्कमने कारभारी नेमलेला प्रौढ वॉल्टर आणि ११७७ साली मेलेला वॉल्टर एकच असणे शक्य नाही. त्यात बँको आणि फ्लिअन्स यांपैकी कोणाचाही समकालीन कागदात उल्लेख नाही. कथेला पाचशे वर्षांनंतरचा साक्षीदार आणि तोही राजाश्रयाचा, एवढाच आधार उरतो.

त्यानंतर कथेवर कोणी, कधी शंका घेतली हे क्रमाने मांडावे. अठराव्या शतकात लॉर्ड हेल्सने ती नाकारली. १८०७ मध्ये जॉर्ज चामर्सने वॉल्टर हा इंग्लंडच्या श्रॉपशायरमधील अ‍ॅलन फिट्झ फ्लाड (‘फिट्झ’ म्हणजे ‘चा मुलगा’) याचा मुलगा असल्याचे दाखवले. पुढे १८५४ ते १८६० या काळात श्रॉपशायरचा प्रचंड इतिहास लिहिणारा रॉबर्ट आयटन याने चामर्सचे म्हणणे स्वीकारले, पण बँकोलाही सोडवेना म्हणून ‘फ्लाड म्हणजेच फ्लिअन्स’ असा तोडगा काढला. नावांतील साम्य हाच त्याचा खरा आधार होता. आयटनसारखा कष्टाळू अभ्यासक अशा मोहात पडतो, तेव्हा हौशी संशोधकाने किती सावध असावे हे सांगायला नको. अखेर होरेस राउंडने १९०१ मध्ये फ्रान्समधील मठांच्या दप्तरांतून डोलचा पुरावा मांडला. राउंड हा बड्या घराण्यांच्या वंशावळी फाडण्यात अंमळ जास्तच रस घेणारा गृहस्थ होता, पण इथे त्याने मोडण्याबरोबर बांधलेही.

निर्विवाद माणसापासून मागे

आता प्रत्यक्ष शोध सुरू होतो. वॉल्टर फिट्झ अ‍ॅलनला डेव्हिड पहिल्याने कारभारीपद दिले आणि माल्कम चौथ्याने ११६१-६२ च्या सुमारास सनद देऊन ते वंशपरंपरागत म्हणून कायम केले. वॉल्टरने ११६३ च्या सुमारास पेझ्ली येथे मठ स्थापन केला आणि त्यासाठी भिक्षू आणले ते श्रॉपशायरमधील वेनलॉकच्या क्लूनीपंथी (फ्रान्समधील क्लूनी मठाच्या शिस्तीतल्या) मठातून. पेझ्लीचा मठ ज्या संतांना वाहिला, त्यांत वेनलॉकची संत मिलबर्गा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वसलेला सरदार इतक्या दूरच्या मठाला का बोलावतो, हा प्रश्न पडताच पुढचा मुक्काम आपोआप ठरतो.

या टप्प्यावर स्कॉटिश बाजूसाठी ‘पीपल ऑफ मिडिव्हल स्कॉटलंड’ हा आंतरजालावरील खुला माहितीकोश फार उपयोगी पडतो. १०९३ नंतरच्या सनदांत कोण कुठे साक्षीदार होता, कोणाचे कोणाशी काय नाते नोंदले आहे, हे त्यात व्यक्तीनिहाय सापडते. तिथे वॉल्टरचे नाव काढून केवळ त्याने दिलेली दाने न पाहता, तो इतरांच्या सनदांवर कोणाच्या शेजारी साक्षीदार म्हणून येतो हेही पाहावे. त्याच्या स्वतःच्या सनदांवरील साक्षीदारांत सायमन नावाचा भाऊ भेटतो. बॉइड घराणे याच सायमनपासून आपली उत्पत्ती सांगते, पण तो दावा वेगळा आहे आणि त्याची साखळी वेगळी तपासावी लागेल. असे आडफाटे वाटेत येत राहतात. त्यांची नोंद करून पुढे जावे.

श्रॉपशायर: भाऊ सापडला की बाप सापडतो

मध्ययुगीन शोधात बापाचा थेट पुरावा अनेकदा मिळत नाही, भावाचा मिळतो. ऑस्वेस्ट्रीचा सरदार विल्यम फिट्झ अ‍ॅलन हा वॉल्टरचा भाऊ होता. याने हॉमंड येथील मठाला आश्रय दिला, ११३८ मध्ये सम्राज्ञी मटिल्डाच्या बाजूने श्रूजबरीचा किल्ला लढवला आणि ११६० मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या वंशातून पुढे अरुंडेलचे अर्ल झाले आणि आजच्या नॉरफोकच्या ड्यूकांच्या फिट्झॅलन-हॉवर्ड या जोडनावातही ते नाव शिल्लक आहे. विल्यमचा बाप अ‍ॅलन फिट्झ फ्लाड असल्याचे इंग्लिश कागदांवरून स्पष्ट होते. मग विल्यम आणि वॉल्टर सख्खे भाऊ असल्याचे दाखवले की स्कॉटिश कडी इंग्लिश कडीला जुळते. चामर्सने नेमके हेच केले.

चामर्सने आणखी एक पुरावा पुढे केला होता, तो रंजक आहे आणि फसवाही. १३३५-३६ च्या सुमारास अरुंडेलच्या रिचर्ड फिट्झ अ‍ॅलनने स्कॉटलंडच्या कारभारीपदावर वारसाहक्क सांगितला आणि तो हक्क इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डला हजार मार्कांना (मार्क हे तेव्हाचे हिशेबाचे चलन) विकला. दोन्ही घराणी एकाच मुळाची आहेत ही समजूत चौदाव्या शतकात जिवंत होती, एवढे यावरून कळते. पण पद वॉल्टरला मिळाले होते आणि वॉल्टरची शाखा चालू होती, त्यामुळे विल्यमच्या वंशजाचा हक्क कायद्याने पोकळच होता. दोनशे वर्षांनंतरच्या दाव्याला समजुतीचा पुरावा मानावे. नात्याचा पुरावा म्हणून तो एकटा पुरत नाही.

अ‍ॅलन फिट्झ फ्लाडविषयी इंग्लंडात आणखी एक गोष्ट तपासायची असते, ती म्हणजे तो कधी आला. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडातील जमीनधारकांच्या सरकारी पाहणीत, तो नाही, फ्लाडही नाही. म्हणजे १०६६ च्या इंग्लंडवरील नॉर्मन स्वारीबरोबर आलेल्या ब्रेतॉनांपैकी, रिचमंडच्या अ‍ॅलन रूफससारख्यांपैकी, हे घराणे नव्हे. अ‍ॅलनचा उदय पहिल्या हेन्रीच्या काळात, म्हणजे ११०० नंतर होतो. हेन्रीला राजा होण्याआधी, १०९१ मध्ये, त्याच्याच भावांनी मॉं-सँ-मिशेल येथे वेढले होते आणि त्या काळात त्याच्या पदरी ब्रेतॉन लढवय्ये होते. डोल तिथून फार दूर नाही. पुढे ११०२ मध्ये रॉबर्ट द बेलेमचे बंड मोडून हेन्रीने श्रॉपशायर ताब्यात घेतले आणि आपल्या भरवशाच्या नव्या माणसांना तिथे जमिनी दिल्या. अ‍ॅलनला श्रॉपशायर कसे मिळाले याचा हा सुसंगत खुलासा आहे. मात्र सुसंगत खुलासा आणि पुरावा यांत अंतर असते, म्हणून तो टिपणात ‘अनुमान’ या शीर्षकाखालीच लिहावा.

सँ-फ्लोराँचा माग

या शोधाची किल्ली पुढच्या प्रश्नात आहे. नॉरफोकमध्ये माइलहॅमच्या परिसरात अ‍ॅलनची जमीन होती. तिथे जवळच स्पोर्ल येथे त्याने एक लहान मठ वसवला आणि तो फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी असलेल्या सोम्यूरच्या सँ-फ्लोराँ मठाला जोडून दिला. इंग्लंडात तेव्हा बेनेडिक्टिन मठांची वाण नव्हती, नॉर्मंडीचे मठही जवळ होते. मग सोम्यूरच का? याचे उत्तर मठाधिपतींच्या यादीत मिळते. १०७० पासून १११८ पर्यंत सँ-फ्लोराँचा मठाधिपती होता डोलचा गिय्योम, म्हणजे डोल आणि कोंबूरच्या सरदार घराण्यातला, रिवालाँचा मुलगा. त्याच्या कारकिर्दीत डोलच्या परिसरातील लोकांची दाने सँ-फ्लोराँकडे वळली. वेल्सच्या सीमेवरील मॉनमथचा ब्रेतॉन सरदार विथेनॉक यानेही आपला मठ सँ-फ्लोराँलाच दिला आणि अखेरीस तो स्वतः तिथे भिक्षू झाला.

दानाचा माग विश्वासार्ह का ठरतो, हे इथे समजून घ्यायला हवे. अकराव्या आणि बाराव्या शतकात एखाद्याने मठाला जमीन दिली तरी त्याचे भाऊ, मुलगे, पुतणे नंतर येऊन ‘आमची संमती नव्हती’ म्हणून भांडू शकत. त्यामुळे भिक्षू दानपत्रात देणाऱ्याच्या आप्तांची नावे आणि त्यांची संमती कटाक्षाने लिहून घेत. भिक्षूंना सरदाराची थोरवी गाण्यात स्वारस्य नव्हते, वारसांचा भविष्यातला खटला त्यांना टाळायचा होता. भिक्षूंनीही बनावट कागद केले, यात शंका नाही. पण ते बहुधा जमिनीच्या हद्दी आणि करमाफी यांसाठी केले. एखाद्या मध्यम सरदाराच्या भावाचे नाव खोटे घालून त्यांना काही मिळणार नव्हते.

या दानपत्रांचा शोध घेताना नवखा संशोधक बहुधा चुकीच्या गावी जातो. डोल आज इल-ए-विलेन या जिल्ह्यात येते, म्हणून त्याचे कागद रेन येथील जिल्हा अभिलेखागारात असतील असे वाटते. काही असतातही. पण १७९० मध्ये क्रांतीच्या सरकारने मठ बरखास्त केले, तेव्हा प्रत्येक मठाचे दप्तर ज्या जिल्ह्यात तो मठ होता त्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात गेले. डोलमधील आणि मॉनमथमधील लहान मठ सँ-फ्लोराँचे होते, म्हणून त्यांच्या दानपत्रांच्या प्रती मूळ मठाच्या दप्तरात होत्या आणि त्या आज आँझे येथे, मेन-ए-ल्वार जिल्ह्याच्या अभिलेखागारात आहेत. फ्रेंच जिल्हा अभिलेखागारांत मठांचे दप्तर ‘एच’ मालिकेत आणि सरदार घराण्यांचे कागद ‘ई’ मालिकेत ठेवलेले असतात. अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर सूची आधी पाहावी आणि क्रमांक टिपून घेऊनच पत्रव्यवहार करावा. ब्रिटनीच्या ड्यूकांचे दप्तर हवे असेल तर ते नाँत येथे, ल्वार-आत्लांतिकच्या अभिलेखागारात पाहावे.

घरबसल्या सुरुवात करायची असेल तर दोन छापील संग्रह पुरेसे आहेत. फ्रान्समधील दप्तरांत असलेल्या इंग्लंडविषयक कागदांचा गोषवारा राउंडने १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. तो ‘ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन’वर वाचता येतो आणि त्यात सँ-फ्लोराँचे कागद एका ठिकाणी मिळतात. ब्रिटनीच्या बाजूसाठी दोम मोरिस या बेनेडिक्टिनाने १७४२ ते १७४६ या काळात तीन जाड खंडांत छापलेले पुरावे आहेत. ते फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ संकेतस्थळावर शोधावेत. गोषवारा आणि मोरिसची नक्कल या दोन्हींवर शेवटचा निर्णय मात्र सोपवू नये. गोषवाऱ्यात साक्षीदारांची नावे गाळली जातात, तर मोरिसने उतारे जोडताना मूळ मजकूर कापला आहे. ज्या दोन-तीन दानपत्रांवर सारी साखळी उभी आहे, त्यांचे पूर्ण लॅटिन पाठ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

निर्णायक कागद मॉनमथचा आहे. तेथील मठाच्या अर्पणविधीची नोंद ११०१ किंवा ११०२ ची आहे आणि तिच्यातील उपस्थितांमध्ये ‘कारभारी अ‍ॅलनचा मुलगा फ्लाड’ असे नाव येते. लॅटिनमध्ये त्याचे रूप ‘फ्लोआत’ असे आहे. आता डोलच्या मठाचा कागद शेजारी ठेवावा. त्यात अ‍ॅलन हा कारभारी पाव भाजण्याच्या भट्टीवरचा आपला हक्क भिक्षूंना देतो, त्याचा भाऊ फ्लेडाल्ड संमती देतो आणि दुसरा भाऊ रिवालाँ सँ-फ्लोराँचा भिक्षू होतो. दोन देशांतल्या दोन कागदांत एकच दुर्मीळ नाव, एकच कारभारीपद आणि एकच मठ येतो. त्याच मठाला फ्लाडचा मुलगा अ‍ॅलन नॉरफोकमध्ये दान देतो. हे तीन धागे एकत्र आल्यावर फ्लाड आणि फ्लेडाल्ड एकच असल्याबद्दल रास्त शंका राहत नाही.

नावे आणि तारखा

नावांचे वजन तोलताना त्यांची दुर्मीळता मोजावी. त्या काळच्या ब्रिटनीत अ‍ॅलन नावाचे पीक आले होते. ड्यूक अ‍ॅलन फेर्जां होता, रिचमंडचे दोन अ‍ॅलन होते आणि डोलच्या कारभाऱ्यांतही एकाहून अधिक अ‍ॅलन होते. केवळ अ‍ॅलन हे नाव जुळले म्हणून कोणालाही कोणाचा बाप ठरवता येणार नाही. फ्लाड हे नाव मात्र इतके विरळ आहे की ते योग्य पदासह आणि योग्य मठासह आले तर त्याला मोठे वजन द्यावे. रिवालाँ हे नाव डोलच्या सरदार घराण्यातही आहे आणि कारभाऱ्यांतही आहे. यावरून दोन्ही घराणी एकाच रक्ताची असावीत असे काहींनी सुचवले. पण पदरचा माणूस धन्याचे नाव आपल्या मुलाला ठेवी, हेही तितकेच शक्य असते.

नात्याच्या शब्दांपैकी लॅटिन ‘नेपोस’ हा शब्द घात करतो, कारण त्याचा अर्थ पुतण्या, भाचा किंवा नातू असा कोणताही होऊ शकतो. छापील भाषांतरात ‘पुतण्या’ दिसला की मूळ शब्द तपासावा आणि दुसरा आधार मिळेपर्यंत नाते अनिश्चित लिहावे.

तारखांबाबत बहुतेक दानपत्रे निराश करतात, कारण त्यांवर साल नसते. मग दोन टोकांमधली मर्यादा ठरवावी लागते. मठाधिपती गिय्योमचे नाव असेल तर कागद १०७० ते १११८ मधला असतो. राजा, बिशप आणि साक्षीदारांची ज्ञात वर्षे घालत गेले की ही मर्यादा आवळत जाते. ज्या कागदांवर साल आहे तिथेही वर्ष कधी सुरू होते हे पाहावे. फ्रान्समध्ये अनेक ठिकाणी वर्ष ईस्टरला बदलत असे आणि १ जानेवारीचा नियम १५६४ च्या राजाज्ञेनंतर रुळला. इंग्लंडात १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होई. फेब्रुवारीतला एखादा प्रसंग त्यामुळे सहज एक वर्षाने सरकतो आणि कोणी मेला तेव्हा त्याचा मुलगा जन्मला होता की नाही, असले प्रश्न त्यावर अडतात.

उलट तपासणी: ब्रिटनीत मागे राहिलेला भाऊ

इथपर्यंतची साखळी स्कॉटलंडकडून ब्रिटनीकडे गेली. ती ब्रिटनीकडून परत जुळते का, हे पाहिल्याशिवाय काम पुरे होत नाही. अ‍ॅलन फिट्झ फ्लाडला जॉर्डन नावाचा आणखी एक मुलगा होता. विल्यमला श्रॉपशायर मिळाले, वॉल्टर स्कॉटलंडला गेला आणि जॉर्डनकडे डोलचे कारभारीपद आले. त्याचा मुलगा अ‍ॅलन यानेही ते पद सांभाळले आणि डोलजवळ ल त्राँशे येथील मठ वसवला. फ्लाडचे घराणे डोलचे नसते तर इंग्लंडातल्या सरदाराचा मुलगा डोलच्या आर्चबिशपाचा वंशपरंपरागत कारभारी झाला नसता. जॉर्डनला इंग्लंडातही हितसंबंध होते, म्हणून समुद्राच्या दोन्ही काठांवरचे कागद एकमेकांना साक्ष देतात. राउंडच्या मांडणीतला सर्वांत भक्कम भाग मला हाच वाटतो. मॉनमथच्या एका नोंदीवर सारा भार टाकणारे याकडे फारसे लक्ष देत नाहीत.

डोलला आर्चबिशप कसा, असा प्रश्न कोणाला पडेल. नवव्या शतकापासून ब्रेतॉन राज्यकर्त्यांनी डोलला फ्रान्समधील तूर शहराच्या आर्चबिशपापासून स्वतंत्र मानले होते आणि ते भांडण ११९९ मध्ये पोप इनोसंट तिसऱ्याने तूरच्या बाजूने निकाल देईपर्यंत चालले. त्यामुळे त्यापूर्वीच्या कागदांत ‘आर्चबिशपाचा कारभारी’ असा उल्लेख आला तर तो कागद त्या कारणावरून संशयास्पद ठरवू नये.

ढाली आणि जनुके

कुलचिन्हांवरून मूळ शोधण्याचा मोह टाळावा. घराण्यांच्या ढालींवरील वंशपरंपरागत चिन्हे बाराव्या शतकाच्या मध्यानंतर स्थिरावली, म्हणजे या भावांच्या वाटा वेगळ्या झाल्यावर. स्ट्यूअर्टांच्या ढालीवर चौकड्यांचा आडवा पट्टा आहे, तर अरुंडेलच्या फिट्झ अ‍ॅलनांच्या ढालीवर सिंह. चिन्हांवर विसंबले असते तर दोन सख्ख्या भावांची घराणी परकी ठरली असती.

पुरुष-रेषेची जनुकीय चाचणी एका मर्यादेत मदत करते. स्ट्यूअर्टांच्या राजशाखेशी एल७४५ ही खूण जोडली जाते आणि १२९८ मध्ये फॉलकर्कच्या लढाईत पडलेल्या सर जॉन स्ट्यूअर्ट ऑफ बाँकिलच्या वंशजांशी तिच्याखालची एस७८१ ही खूण. यावरून आजचा एखादा स्ट्यूअर्ट त्या रेषेतला आहे की नाही, हे सांगता येते. फ्लाड डोलमध्ये राहत होता की नाही, हे जनुक सांगत नाही. त्यासाठी डोलमधल्या त्या काळच्या ज्ञात माणसाचा नमुना लागेल आणि तो नाही.

बनावट कागदांची हंगामी पिके

ब्रेतॉन घराण्यांचा शोध घेताना दोन काळांतल्या कागदांकडे जास्त संशयाने पाहावे. पहिला काळ १६६८ ते १६७१ चा. चौदाव्या लुईने ब्रिटनीतील सरदारांना रेन येथे आपले कुलीनत्व सिद्ध करायला लावले. सिद्ध न झाल्यास करमाफी जात असे, म्हणून तेव्हा खऱ्या कागदांबरोबर दुरुस्त केलेले कागदही दाखल झाले. या चौकशीचे निकाल पंधराव्या-सोळाव्या शतकासाठी उपयुक्त आहेत, पण बाराव्या शतकाविषयी त्यांत लिहिलेले मूळ पुराव्याशिवाय स्वीकारू नये. त्याच काळात रोआँ घराणे आपले मूळ चौथ्या शतकातील कोनान मेरियादेक या राजापर्यंत नेत होते. कागदांच्या आधारे रोआँ घराणे पोर्होएच्या व्हायकाउंटांपर्यंत, म्हणजे अकराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जाते, जे पुरेसे जुने आहे. मेरियादेक मात्र आख्यायिकेत राहतो. दोम मोरिस स्वतः रोआँच्या आश्रयाला होता, हे त्याचे खंड चाळताना लक्षात असू द्यावे.

दुसरा काळ १८४० च्या आसपासचा. लुई-फिलिपने व्हर्सायच्या राजवाड्यात धर्मयुद्धांची दालने उभारली आणि ज्यांचा पूर्वज धर्मयोद्धा असल्याचे सिद्ध होईल त्यांची चिन्हे तिथे रंगवण्याची सोय झाली. लगेच बाजारात धर्मयोद्ध्यांनी इटालियन व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या कर्जांचे रोखे येऊ लागले. कूर्त्वा संग्रह म्हणून ओळखले जाणारे हे रोखे अनेक घराण्यांनी, त्यांत ब्रेतॉनांनीही, विकत घेतले. १९५६ मध्ये रोबेर-आंरी बोतिए याने ते बनावट असल्याचे दाखवले. वंशावळीत १२४९ च्या सुमाराचा, सायप्रसमधील, जहाजभाडे किंवा कर्जाचा कागद दिसला तर प्रथम तो कूर्त्वा संग्रहातला आहे का, हे पाहावे.

डोलचा कारभारी अ‍ॅलन १०९६-९७ च्या पहिल्या धर्मयुद्धात गेला होता ही बाब मात्र या बनावटगिरीतली नाही. ती डोलचाच पुढचा आर्चबिशप बॉल्ड्रिक याच्या वृत्तांतात आहे आणि त्याला आपल्याच गावच्या कारभाऱ्याची माहिती असणे स्वाभाविक होते. हा धर्मयोद्धा अ‍ॅलन फ्लाडचा बाप की भाऊ, हा प्रश्न उरतो. कालक्रमाने भाऊ असणे अधिक सोयीचे वाटते.

निष्कर्ष लिहिताना

शेवटी प्रत्येक कडीपुढे ‘सिद्ध’, ‘बहुधा’ किंवा ‘शक्य’ असा शेरा लिहावा आणि तो का दिला ते एका वाक्यात नोंदवावे. वॉल्टर हा अ‍ॅलन फिट्झ फ्लाडचा मुलगा, ही कडी सिद्ध आहे. अ‍ॅलन हा फ्लाडचा आणि फ्लाड हा डोलच्या कारभारी अ‍ॅलनचा मुलगा, ही कडीही दानपत्रे, पद आणि जॉर्डनचा वारसा यांच्या आधारे सिद्ध मानावी. धर्मयोद्धा अ‍ॅलन हा फ्लाडचा भाऊ, ही कडी ‘बहुधा’ या शेऱ्याची आहे. कारभाऱ्यांचे घराणे डोल-कोंबूरच्या सरदार घराण्याची शाखा होते, ही कडी ‘शक्य’ या शेऱ्यापुढे जात नाही, कारण तिच्यामागे नावांचे साम्य आणि शेजार याखेरीज काही नाही. आंतरजालावरील अनेक वंशवृक्षांत मात्र हीच कडी ठळक रेघेने काढलेली दिसते आणि तिथून पुढे ब्रिटनीच्या प्राचीन राजांपर्यंत शिडी लावलेली असते. आपल्या वंशवृक्षात या ठिकाणी तुटक रेघ काढावी, तिच्याशेजारी कोणते कागद पाहिले आणि कोणते पाहायचे राहिले ते क्रमांकासह लिहावे आणि फ्लाडच्या बापाच्या वरची जागा कोरी ठेवावी.